लायगोची ती आकृती काय सांगत नाही?

गुरुत्वीय लहरींवर सेमिनार दिला असेल, तर तुम्ही एक आकृती हमखास वापरली असेल: फेब्रुवारी २०१६ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आलेल्या लायगोच्या शोधनिबंधातली. लेसर, मधे बीम स्प्लिटर, ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, टोकांना आरसे. तिच्याबद्दल माझी एक तक्रार आहे.

आकृती चुकीची नाही. ती सोपी करून काढलीय, प्रमाणात नाही, हे तिच्याखालीच लिहिलंय. तत्त्व समजायला ती छानच आहे. पण तिच्यात प्रत्येक आरसा आधीच बरोबर कोनात उभा आहे. प्रत्यक्षात ४० किलोचा तो आरसा काचेच्या तंतूंवर टांगलेला असतो आणि सारखा किंचित हलत असतो.

हिशोब करून बघा. आरसा १ मायक्रोरेडियन कलला (म्हणजे १ किलोमीटरवर १ मिलिमीटर), तर परावर्तित किरण २ मायक्रोरेडियन वळतो. ४ किलोमीटरवर ठिपका ८ मिलिमीटर सरकला! आपल्या टेबलावरच्या २० सेंटीमीटरच्या मायकेलसनमध्ये तेवढ्याच कलाने तो मिलिमीटरचा हजारावा भागही सरकत नाही.

मग भुजेतला प्रकाश कमी झाला, तर दोष कुठल्या आरशाचा? सगळेच आरसे एकदम हलवले तर कधीच कळणार नाही. म्हणून लायगोत आधी एकच भुजा जुळवतात. दुसरीचा आरसा मुद्दाम तिरका करून ठेवतात. मुख्य लेसर १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. सुरुवातीच्या जुळवणीला ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरची मदत घेतात. ठिपका आरशाच्या मध्यावर आहे का, हे बघायला आरसा ठरावीक वारंवारतेने किंचित डोलवतात. तीच वारंवारता लांबीच्या सिग्नलमध्ये उमटली, तर ठिपका मध्यावरून सरकलाय.

नाशिकला बीएस्सी करताना यातलं मला काहीच कळलं नव्हतं. मायकेलसन आधीच जुळवलेला असायचा आणि वर ताकीद, 'स्क्रूला हात लावू नका.' आम्ही फ्रिंजेस मोजल्या, जर्नल लिहिलं, सही घेतली. पुढे पीएचडीत दोन ठिपके एकावर एक आणायला मला तीन दिवस लागले. तेव्हा समजलं, आपण आकृतीच शिकलो होतो, यंत्र नाही.

हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार आहे. २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. तिथे जुळवणी करणारे हात लागतील.

तर पुढच्या प्रॅक्टिकलला सरांना विचारून एक स्क्रू अर्धा फेरा फिरवा. फ्रिंजेस जाऊ द्या. मग एका आरशापुढे कार्ड धरून कुठला ठिपका कुणाचा ते ओळखा, आणि पुन्हा जुळवा. किरण डोळ्यात जाणार नाही एवढं सांभाळा. कुठे चुकलात तेही वहीत लिहा. त्या पानावर सही मिळणार नाही कदाचित, पण संशोधनात तेच पान कामाला येईल.