पलटणीतला पणजा आणि येसकराची काठी



संपादकानं गठ्ठा हातात दिला आणि म्हणाला, 'पूर्वजांवरचे लेख आलेत. वाच आणि काय वाटतं ते सरळ लिही. भीड धरू नको.' सोळा लेख. तिसऱ्या पाळीला सूतगिरणीत घेऊन गेलो. रिंग फ्रेमवर तुटलेला धागा सांधायचा आणि सुट्टी झाली की एक लेख वाचायचा. चार रात्रीत गठ्ठा संपला. आता लिहितो. काहींना राग येईल. येऊ द्या.

सोळापैकी नऊ लेखांत पणजा नाहीतर खापरपणजा पलटणीत आहे. त्या नवांतले पाच जण १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला लढलेत. स्तंभावर कंपनीच्या कामी आलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यातली २२ 'नाक' लागलेली, म्हणजे आपली. लढून जगलेले त्याहून जास्त, हे मलाही कळतं. पण या पाच लेखांत पूर्वजाचं नाव नाही. गाव नाही. कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, ते नाही. 'आमच्या घराण्यात असे सांगतात' एवढंच. कोण सांगतं? कधीपासून सांगतं?

आणि दुसरं. सोळा लेखांत मेलेलं ढोर ओढणारा एकसुद्धा पूर्वज नाही. मग गावोगावची ढोरं ओढली कुणी?

हे मी टिंगल करायला लिहीत नाही. आपल्याला पूर्वज का लागतात, ते मला माहीत आहे. विसाव्या शतकात वरच्या जातींनी जाडजूड कुलवृत्तांत छापले. त्यात गोत्र आहे, मूळ गाव आहे, कुणाला कोणती सनद मिळाली ते आहे. तीर्थाच्या उपाध्यायांकडे त्यांच्या दहा पिढ्यांची नावं वह्यांत मिळतात. आपल्याला देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हते, तिथं वहीत कोण लिहिणार? गंमत बघा. दोन गावांचा शिवेचा तंटा पडला की महाराला बोलवायचे. त्याची साक्ष शेवटची. सगळ्या गावाची हद्द ज्याच्या डोक्यात, त्याच्या स्वतःच्या आज्ज्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही. तेव्हा पोरगा शिकला की पहिल्यांदा नाव शोधतो, हे बरोबरच आहे. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावला गेले, ते काही सहलीला गेले नव्हते. वाकलेल्या माणसाला सांगावंच लागतं की तुझा बाप ताठ उभा होता.

पण एकच गोष्ट नऊ जणांच्या तोंडून आली की मला संशय येतो. दुसऱ्याचा संशय घ्यायच्या आधी स्वतःचं घर तपासावं, म्हणून माझ्या घरचं सांगतो.

आमच्या घरातही पणजा पलटणीत होता. लहानपणापासून ऐकत आलो. मी त्याच्यावर एक कवितासुद्धा लिहिली. दोन मेळाव्यांत वाचली, टाळ्या घेतल्या. मग एकदा तारखा मांडून बसलो. पणज्याचा जन्म १९०८ च्या आसपासचा. इंग्रजांनी महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद केली. पहिल्या महायुद्धात १९१७ ला १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडली. तेव्हा पणजा तेराचा. पुढची महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ ला, बेळगावला. तेव्हा त्याची तिशी उलटलेली आणि तो गावातच होता. मग हा पलटणीत गेला कधी?

आज्जीला विचारलं. आज्जी हसली. म्हणाली, 'कुठली पलटण रं? येसकरकी करायचा तुझा पणजा. रातची गस्त, टपाल, सायबाच्या घोड्याम्होरं पळायचं. मेलेलं ढोर वढायचं. पाळी आली की काठी घिऊन चावडीवर.'

'मग पलटण कुणी सांगितली?'

'तुझ्या आज्ज्यानं. मुंबैला मिलमदी हुता तवा. चाळीत समदी बसली की जो त्यो आपल्या घराण्याचं सांगायचा. मग ह्यो काय सांगंल?'

मला मिळालेला खरा इतिहास हा. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना हा प्रश्न संघटनेपुढे ठेवावा लागला. तीस वर्षांनी माझा आज्जा त्या मुंबईत रिंग खात्यात लागला. १९८२ च्या संपापर्यंत राबला आणि गावी परतला. चाळीतल्या चहाच्या वेळी त्याला बापाची लाज वाटली, म्हणून त्यानं बापाच्या अंगावर पलटणीचा कोट चढवला. त्याचा मला राग नाही. मात्र कोट खोटा आहे आणि लाज खरी आहे. माझी कविता कोटावर होती. ती लाजेवर असायला पाहिजे होती.

आता कुणी म्हणेल, मनाला उभारी देणारी गोष्ट असेल तर खऱ्या-खोट्याचा एवढा कीस कशाला? त्याला मी अमृतनाकाची गोष्ट आठवायला सांगीन. बेदरच्या बादशहाची बेगम अमृतनाकानं सोडवून आणली आणि बक्षीस म्हणून महारांना बावन्न हक्क मिळाले. आपल्या म्हाताऱ्यांनी ही गोष्ट छाती फुगवून सांगितली. गोष्ट शूराची आहे. पण हक्क कसले? मढ्यावरचं कापड, मेलेलं ढोर, दारोदारची शिळी भाकर. त्या हक्कांच्या अभिमानानं माणसं वतनाला चिकटून राहिली. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं, तेव्हा त्यांना सरकारशी तर भांडावं लागलंच, पण आपल्या माणसांच्या मनातल्या या वतनाच्या मायेशीही भांडावं लागलं. वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. पूर्वजांची गोष्ट अशीही असते. ऐकायला गोड आणि गळ्याला दोर.

बाबासाहेबांनीही पूर्वज शोधले. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये त्यांनी सगळ्या अस्पृश्यांचे पूर्वज शोधले. पराभूत टोळ्यांतून फुटलेली, गावाबाहेर राहिलेली माणसं, असा त्यांचा सिद्धान्त. पंडितांनी त्यावर वाद घालावा. माझ्यासारख्या सातवी नापासाला त्यात एक गोष्ट दिसते. ते घराण्याची थोरवी शोधत नव्हते. हे कधी सुरू झालं, हे शोधत होते. इसवी सन ४०० च्या सुमाराला, असं उत्तर त्यांनी दिलं. ज्याला सुरुवात आहे त्याला शेवटही असणार. पूर्वज शोधायचे ते यासाठी. आपल्या गठ्ठ्यातला एकही लेख हा प्रश्न विचारत नाही.

आपल्याकडे चांगले नमुने नाहीत असं नाही. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ ला आलं, तेव्हा घरची घाण चव्हाट्यावर आणली म्हणून आपल्यातल्याही काहींनी नाकं मुरडली. पण त्यातला बाप बाप वाटतो, पुतळा वाटत नाही. बेबी कांबळे फलटणच्या. त्यांनी 'जिणं आमुचं' नवऱ्यापासून लपवून लिहिलं आणि वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. पुस्तक १९८६ ला झालं. त्यात सवर्णांचा जुलूम आहेच, पण आपल्याच घरात कोवळ्या सुनेचे काय हाल केले तेही आहे. पूर्वज म्हणून सासूही मांडली आणि सूनही मांडली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ चं पुस्तक कसं केलं? म्हाताऱ्या बायकांच्या घरी जाऊन बसल्या. विचारलं आणि लिहून घेतलं. चळवळीतल्या ज्या बायका कुठल्याच पुस्तकात नव्हत्या, त्या नावानिशी सापडल्या.

नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' हे १९९३ चं पुस्तक तर बापानं स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींवर उभं आहे. बापाला लिहितं करणं ही मोठी गोष्ट. पण आपल्या नव्या लेखकांनी त्यातून शिडी तेवढी घेतली. आज्जा खाली, बाप मध्ये, मी वर. मग जे शिडीच्या खालच्या पायरीवरच मेले, ते पूर्वज नव्हते का?

आता कागदाबद्दल. आपल्याला घराण्याचा शोध हौस म्हणून करताच येत नाही. सरकार करायला लावतं. गेल्या साली बहिणीला शिकायला प्रवेश मिळाला आणि जातीच्या दाखल्याचा पुरावा मागितला. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पाहिजे. एका कचेरीत सात खेपा घातल्या. पाळीची सातही खाडे लागली. शेवटी आज्ज्याच्या थोरल्या भावाची १९४६ सालची शाळेतली नोंद सापडली. जातीच्या रकान्यात 'हिंदू महार'. घरी आनंद झाला. आज्जीनं विचारलं, 'काय लिवलंय त्येच्यात?' वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'ह्येच पुसाय तर समदं केलं हुतं.'

१९५६ ला जे टाकलं, तेच नातीनं शिकावं म्हणून फडताळातून हुडकून आणायचं. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० उजाडलं. सवलत मिळते ती उपकाराची नव्हे, हक्काची. तरी दारावर जुनं नाव विचारतातच. आपले कुलवृत्तांत हे असे. रकान्यातला एक शब्द.

त्याच खेपांत वतनाच्या जमिनीचा एक जुना फेरफार हाती लागला. साल १९५३. 'मयत. वारस मुलगे दोन.' पणज्याचं मरण एवढ्यात उरकलंय. मी कागद आज्जीला वाचून दाखवला. ती एकदम उसळली. 'दोन कसं? तीन लेकरं हुती. थोरली लेक कुठं गेली?'

आज्ज्याची थोरली बहीण. लहानपणीच रंडकी होऊन माहेरी आलेली. तिचं नाव फेरफारात नाही, शाळेच्या दाखल्यात नाही, आमच्या घरातल्या एकाही गोष्टीत नाही. आज्जी १९६२ ला नांदायला आली तेव्हा ही बाईच घर चालवत होती. आज्जीनं तिच्या तोंडून ऐकलेलं सांगते. बाप मेल्यावर येसकरकीची पाळी घरावर आली. आज्जा तेव्हा तेरा वर्षांचा. या बाईनं काठी उचलली, चावडीवर नेऊन ठेवली आणि सांगितलं, 'माझा भाऊ ही धरणार न्हाय.' गावानं भाकरी बंद केली, सरपण बंद केलं. ती शेजारच्या गावच्या सडकेवर खडी फोडायला गेली आणि दोन भाऊ जगवले. नागपूरच्या दीक्षेची बातमी आली तेव्हा घरातले देव तिनंच टोपलीत भरून ओढ्यात सोडले.

हे सगळं तंतोतंत असंच घडलं का? मी पाहिलेलं नाही. आज्जीनंही पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. तसं मी लिहिलं आहे. पण एवढं नक्की की बाप येसकर होता आणि आज्जा येसकर झाला नाही. मधे कुणीतरी काठी ठेवली. पलटणीतला पणजा शोधताना माझ्या घरातली शिपाई मला दिसली नव्हती. सत्तर वर्षं आम्ही खोट्या कोटाची गोष्ट सांगितली आणि खरी गोष्ट चुलीपाशी पडून राहिली.

तेव्हा लेख परत पाठवताना प्रत्येकाला माझं सांगणं असं :

पहिल्यांदा घरातल्या बायकांना विचारा. पुरुष घराणं सांगतो. बाई त्या दिवशी घरात काय शिजलं ते सांगते, आणि तिथूनच साल सापडतं.

कुणी सांगितलं आणि त्यानं ते कुणाकडून ऐकलं, हे लिहा. तारखा मांडून बघा. बसत नसतील तर तेही लिहा.

खोटी गोष्ट सापडली तर फेकून देऊ नका. ती कुणी रचली आणि तेव्हा त्याला कशाची लाज वाटत होती, ते शोधा.

वारसांच्या यादीत गाळलेल्या लेकी मोजा. गाळणारा दरवेळी तलाठीच नसतो. आपणही असतो.

आणि ढोर ओढणाऱ्या पूर्वजाला लपवू नका. लाज त्याची नाही. ज्यांनी त्याला ते ओढायला लावलं त्यांची आहे. तो लपवला की ते सुटतात.

खरंच ज्यांचा पूर्वज पलटणीत होता, त्यांनी नाव-गाव घेऊन खुशाल लिहावं. मी पहिला टाळी देईन. बाकीच्यांनी म्हातारी जिवंत आहे तोवर घरी जावं. माझी आज्जी आता अठ्ठ्याहत्तरची आहे. त्या बाईचं नाव अजून एकदाही छापलेलं नाही. पुढच्या अंकात मी ते आज्जीला विचारून छापणार आहे. पलटणीची कविता मी फाडलेली नाही. तिच्याखाली लिहून ठेवलंय : ही गोष्ट माझ्या आज्ज्यानं चाळीत रचली.