नाणें, पेटी आणि खेळ

नाण्यावर चालणाऱ्या खेळपेटीचें नांव निघतांच आपल्या सुशिक्षित घरांतून 'जुगार' हा शब्द ऐकूं येतो. हा निकाल आम्हांस घाईचा वाटतो. जुगारी यंत्रांत नाणें पडतें तें पैशाच्या आशेनें. खेळपेटी पैसा परत देतच नाहीं. मुंबईच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानेंहि निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. दोष काढावयाचाच, तर तो कलाकृति म्हणून पारखून काढावा.

तोमोहिरो निशिकादो यांनीं १९७८ सालीं जपानांतील टायटो कंपनीसाठीं रचलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' घ्या. परग्रहवासीयांची सेना पायरीपायरीनें खालीं उतरते. तळाशीं एकटी तोफ. शत्रु जसजसे मरतात, तसतसे उरलेले अधिक वेगानें चालून येतात. वास्तविक हें यंत्राचें दौर्बल्य: आकृति घटल्या कीं त्या रेखाटण्याचें काम लवकर आटोपे. निशिकादोंनीं तें तसेंच ठेविलें, आणि उणिवेंतूनच रस उत्पन्न झाला. सोबत चार उतरत्या स्वरांचा ठेका; त्याचीहि लय वाढत जाते. विजय मात्र या खेळांत नाहीं. एक सेना संपली कीं दुसरी उभीच! हरल्यावांचून पुढचें नाणें पडणार कसें? कलावंत व दुकानदार यांची ही भागी आम्हांस खुपते. आमचा खरा आक्षेप हाच. (मुंबईच्या पार्लरांत नाण्याऐवजीं टोकन चाले, न्याय तोच.)

परंतु पेटीचें श्रेय निराळें आहे. उभ्या पेटींत पडद्यावरील आकृति आरशाच्या योगानें रंगविलेल्या चंद्रभूमीपुढें तरंगतांना दिसत. त्या मूळच्या कृष्णधवल, म्हणून त्यांवर रंगीत पारदर्शक पट्ट्यांचा रंग चढविलेला असे. हें नेपथ्यच नव्हे काय? १९८० सालीं हा खेळ अटारीच्या घरगुती यंत्रावर आला, तेव्हां नियम घरीं आले, नेपथ्य बाहेरच राहिलें. प्रेक्षकहि राहिले, आणि ही हानि आम्ही अधिक मोठी मानतों. आमच्या केशोरीच्या बाजूस दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते व रात्रभर झाडीपट्टीचें नाटक चालतें. तेथें मांडी घालून बसलेल्या मंडळींस त्याच नाटकाचें पुस्तक देऊन घरीं पाठवावें, तसा हा प्रकार. पेटीपुढें खेळणारा एक, पण मागें पांचसात जण. कोणी मोलाचा सल्ला देतो, कोणी विनामूल्य हंसतो, आणि पडद्यावरचा सर्वोच्च गुणांक सर्वांचाच शत्रु असतो.

ज्यांस या खेळाची परीक्षा करावयाची असेल, त्यांनीं तो मोबाइलवर न पाहतां शक्य तों पेटीवरच पाहावा. आणि आपली पाळी येण्यापूर्वीं कांहीं वेळ दुसऱ्याच्या पाठीमागें उभें राहावें.