मोटारीचे चाक आणि औचित्यविचार

मोटारगाडीकडे रूपाच्या दृष्टीने पाहण्याची सवय आपल्याकडे अद्याप फारशी रुजलेली नाही. गाडी किती धावते, किती तेल पिते आणि विकावयाची झाल्यास किती रक्कम हाती येते, एवढ्यावर आपली चर्चा बहुधा संपते. परंतु दोन दारांची, उतरत्या छपराची, मागच्या आसनावरील माणसाची सोय जवळजवळ सोडूनच दिलेली ‘स्पोर्ट्स कूपे’ ही गाडी केवळ उपयोगाच्या मापाने मोजता येत नाही. तिच्या कर्त्याने रूपासाठी उपयोगाचा काही अंश बुद्ध्या सोडलेला असतो. म्हणून तिची परीक्षा करताना रूपाचा विचार टाळणे म्हणजे कवितेची परीक्षा तिच्या ओळी मोजून करण्यासारखे आहे.

अशा गाडीचा मालक एके दिवशी तिची मूळची चाके उतरवतो आणि दुसरी चढवतो. पत्रा ठोकावा लागत नाही, रंग द्यावा लागत नाही. तासाभरात गाडीचे रूप पालटते. बाहेरून दिसणाऱ्या अवयवांत इतक्या सहज बदलता येणारा आणि बदलल्याने इतका फरक पाडणारा दुसरा अवयव नाही. या निवडीला काही नियम आहे, की तो केवळ लहरीचा आणि पैशाचा प्रश्न आहे, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

चाकाच्या सौंदर्याचा विचार आपणांस परका नाही. तेराव्या शतकातील कोणार्कचे सूर्यमंदिर हे दगडी रथाच्या कल्पनेवर उभारलेले आहे. त्याच्या जोत्यावर चोवीस चाके कोरलेली असून प्रत्येकात आठ जाड आरे आणि त्यांच्या मधोमध आठ बारीक आरे आहेत. मंदिर जागचे हालत नाही. तरीही ते निघाले आहे असा भास होतो, तो मुख्यतः या चाकांमुळे. चाके काढून टाका, म्हणजे रथ जाऊन इमारत उरेल. उभ्या असलेल्या वस्तूत गतीची सूचना भरणे हे चाकाचे रूपकार्य होय, आणि अंगणात उभ्या असलेल्या कूपेच्या बाबतीतही नेमके हेच कार्य त्याने करावयाचे असते.

हे कार्य कसे साधते? बाजूने पाहिल्यास गाडीची सगळी रेषा दोन वर्तुळांवर तोललेली दिसते. चाक आणि त्यावरील मडगार्डची कमान यांच्यामधील मोकळी जागा फार झाली तर गाडी उसने पाय लावल्यासारखी दिसते. अगदीच नाहीशी झाली तर ती खाली बसल्यासारखी वाटते. आरे थोडे व रुंद असले की चाकाला भरीवपणा येतो. पुष्कळ व बारीक असले की ते हलके व नाजूक भासते. आरे रिमच्या अगदी कडेपर्यंत नेले तर तेच चाक आहे त्याहून मोठे दिसते. आत रुंद कडा ठेवून थांबवले तर लहान. काळा रंग चाकातील तपशील गिळून टाकतो, चांदीसारखा रंग तो उजळून दाखवतो. थोडक्यात, चाक ही गाडीच्या रेषेशी बोलणारी एक आकृती आहे, आणि त्या संभाषणाचा सूर जुळतो की नाही हाच मुख्य प्रश्न आहे.

सूर जुळल्याचे आमच्या माहितीतील उत्तम उदाहरण म्हणजे जर्मनीतील पोर्शे ९११. ही गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम दिसली. तिच्या आकाराचे श्रेय प्रामुख्याने फर्डिनंड अलेक्झांडर पोर्शे यांना दिले जाते. आरंभीची तिची चाके पोलादी पत्र्याची आणि साध्या वळणाची होती. पुढे १९६६ साली ९११ एस हा अधिक शक्तीचा प्रकार निघाला, तेव्हा त्याला घडीव ॲल्युमिनियमचे नवे चाक मिळाले. पोर्शेच्या कलाविभागातील हाइनरिक क्ली यांनी त्याची आकृती केली आणि माइनर्त्सहागेन येथील ऑटो फुक्स यांच्या कारखान्याने ते घडवले. यास्तव ते ‘फुक्स चाक’ या नावानेच ओळखले जाते.

या चाकाचे रसग्रहण करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. नवे चाक जुन्याहून एक इंचानेही मोठे नव्हते. व्यास तोच पंधरा इंच, रिमची रुंदी तीच साडेचार इंच. तरीही गाडी पालटली. पाच रुंद पाकळ्या मध्यापासून कडेकडे उमलत जातात. त्या ओतलेल्या नसून घडवलेल्या असल्यामुळे कमी धातूत पुरेसे बळ देतात. पाकळ्यांमधील फटींतून ब्रेकला वारा मिळतो. आणि पाच नटांना पाच पाकळ्या असा सरळ हिशेब डोळ्याला आपोआप पटतो. तेथे शोभेसाठी म्हणून वेगळे काहीच चिकटवलेले नाही. गाडीच्या अंगावरही कोठे तीक्ष्ण कोपरा नाही, सारे उतार गोलाईने वळतात. तीच गोलाई पाकळीच्या कडेत आहे. त्यामुळे हे चाक मागाहून आले असले तरी गाडीबरोबरच जन्मल्यासारखे वाटते. पुढे या चाकाची रुंदी वाढत गेली. १९७३ च्या कॅरेरा आरएस मध्ये पुढची चाके सहा इंच व मागची सात इंच रुंद झाली. पण त्यासाठी मागचे मडगार्डही फुगवण्यात आले. पांढऱ्या अंगावर लाल, निळी वा हिरवी अक्षरे आणि चाकाच्या मध्यभागी तोच रंग, ही त्या गाडीची योजना आजही डोळ्यांना सुखावते. चाक वाढले तेव्हा अंगही वाढले, हा त्यातील विवेक आहे. हा पाकळ्यांचा आकार १९८९ पर्यंत त्या गाडीवर टिकला.

आता याच्या शेजारी इंग्लंडची जॅग्वार ई-टाइप ठेवून पाहावी. १९६१ साली जिनीव्हा येथे प्रकट झालेल्या या गाडीचे नाक लांबच लांब, अंग सडपातळ आणि चाके तारांची होती. असंख्य बारीक तारांचे ते जाळे त्या सडपातळ अंगाला शोभते. हेच तारांचे चाक ९११ ला लावले तर ते आजोबांची चांदीची साखळी नातवाच्या सदऱ्यावर अडकवावी तसे दिसेल. आणि ९११ च्या भरदार पाकळ्या ई-टाइपला लावल्या तर तिचे नाजूकपण चिरडून जाईल. दोन्ही चाके सुंदर आहेत, परंतु आपापल्या ठिकाणी. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्य हाच काव्याचा प्राण मानला आणि अलंकाराची शोभा त्याच्या योग्य स्थानावर अवलंबून असते असे प्रतिपादले. मोटार त्याने पाहिली नव्हती. पण चाके निवडणाऱ्याला त्याच्या ग्रंथाहून उत्तम वाटाड्या आम्हांस दिसत नाही.

दुर्दैवाने आजची अभिरुची औचित्याऐवजी आकारमानाच्या मागे लागलेली आहे. चाक जितके मोठे तितकी गाडी देखणी, असा समज बळावला आहे. याची परीक्षा आकड्यांनीच करावी. २०१२ साली आलेली जपानची टोयोटा ८६ ही अलीकडच्या काळातील एक नेटकी कूपे. तिच्या सतरा इंची चाकावर २१५/४५ मापाचा टायर असे. म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, सुमारे ९७ मिलिमीटर. चाक व टायर मिळून एकंदर व्यास ६२५ मिलिमीटर होतो. २०२१ साली तिची पुढची आवृत्ती जाहीर झाली. तीत कर्त्यांनी अठरा इंची चाकही दिले, पण त्याबरोबर टायर २१५/४० केला. भिंत ८६ वर आली, व्यास ६२९, म्हणजे जवळजवळ पूर्वीचाच राहिला. याला मर्यादा म्हणावे. हौशी मालक मात्र एकोणीस इंची चाक व २२५/३५ टायर बसवतो. व्यास ६४० वर जातो, आणि भिंत ७९ मिलिमीटर इतकीच उरते. वेगदर्शक काटा शंभर दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात दोन-अडीच किलोमीटर अधिक वेगाने जात असते, हा एक परिणाम. दुसरा अधिक जाचक: खड्ड्याचा आघात झेलणारी हवेची गादी पातळ झाल्याने तो रिमला आणि बसणाऱ्याच्या पाठीला पोहोचतो. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर याचा अर्थ सांगावयास नको.

दुसरा मोह चाके बाहेर काढण्याचा. चाक ज्या पृष्ठावर गाडीला टेकते ते पृष्ठ रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, याचे एक ठरीव माप असते. टोयोटा ८६ चे ते ४८ मिलिमीटर आहे. त्याच रुंदीचे पण ३५ मापाचे चाक लावले की प्रत्येक चाक १३ मिलिमीटर बाहेर येते. गाडी रुंद व दणकट दिसते हे खरे. परंतु बेअरिंगवरचा ताण आणि सुकाणूची वागणूक दोन्ही बदलतात. शिवाय चाकाचे वजन स्प्रिंगांवर नसते. ते जड झाले की खडबडीत रस्त्यावर त्याला आवरणे स्प्रिंगांना कठीण जाते. फुक्स चाकाने गाडी पालटली ती हलकी करून. आजची पुष्कळशी ओतीव, अवजड चाके ती पालटतात ती जखडून. पहिल्या पालटात रूप आणि गुण एका दिशेने चालतात, दुसऱ्यात ते परस्परांकडे पाठ फिरवतात.

यावर कोणी म्हणेल, गाडी ज्याची, पैसा ज्याचा, त्याच्या आवडीत समीक्षकाने का पडावे? हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाही. बदल हेच पाप असते तर फुक्स चाकही जन्मले नसते. आणि आपल्या गाडीवर स्वतःचा ठसा उमटावा ही इच्छा निर्मळ आहे. किंबहुना नटांचे माप, मधल्या छिद्राचा व्यास, एकंदर उंची व वजन सांभाळून केलेली निवड मूळच्या चाकाहून सरस ठरू शकते. पण चाक हा केवळ दागिना नाही. ते चिरफाळले तर मालकाबरोबर रस्त्याने जाणारा परकाही संकटात येतो. म्हणून ज्या चाकावर परीक्षणाची खूण नाही, ते प्रसिद्ध चाकाची कितीही हुबेहूब नक्कल असले तरी घेऊ नये. वाहनाच्या मूळ तपशिलात मनमानी फेरफार करता येत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली बजावले आहे. तेव्हा निवडीपूर्वी नोंदणी कार्यालयाचा नियम पाहून घेणे शहाणपणाचे.

आमच्या वाचकांना हा विचार देवळाच्या भाषेत अधिक जवळचा वाटेल. जीर्णोद्धाराच्या बैठकीत हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. रथाचे चाक कुजले तर ते बदलावेच लागते. जुनेच ठेवू म्हणणारा रथ रस्त्यात मोडून ठेवतो. मात्र जाणता सुतार आधी जुन्या चाकाची मापे घेतो, रथाचा तोल पाहतो आणि मग लाकडाला हात घालतो. ‘शेजारच्या गावाहून मोठे हवे’ या हट्टाने केलेले चाक उत्सवाच्या दिवशी दिसते भव्य, पण रथ ओढणाऱ्यांच्या खांद्यांना त्याची खरी किंमत कळते. जांभ्याच्या साध्या, प्रमाणबद्ध देवळाला झगझगीत फरश्या लावून त्याचे रूप घालवणारी वृत्ती आणि नेटक्या कूपेला अवाढव्य चाके चढवणारी वृत्ती या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींनाही वस्तू मुळात काय म्हणते हे ऐकण्याची उसंत नसते.

दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून आपण तिची पूजा करतो. पूजेच्या वस्तूविषयी थोडा विवेक बाळगणे हेही त्या पूजेचेच अंग समजावे. नवी चाके जरूर घ्यावीत. पण घेण्यापूर्वी गाडी बाजूने, दहा-पंधरा पावलांवरून, शांतपणे पाहावी. तिची रेषा कोठे चढते, कोठे उतरते आणि कोठे विसावते हे ज्याला दिसले, त्याला कोणते चाक शोभेल हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.