काळ्या रंगाची तशरीह

उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही मुलांकडून शेराची तशरीह लिहून घेतो. त्यात ताकीद एकच असते : शायरने काय म्हटले ते आधी पाहा, मागे काय दडले असेल ते नंतर. इंग्रजी रॉक गीतांच्या बाबतीत मात्र भलेभले रसिक ही ताकीद विसरतात. गीत उदास, गूढ असले की त्यात सैतान, नशा नाहीतर राजकारण शोधू लागतात. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचे १९६६ सालचे 'पेंट इट ब्लॅक' अशाच शोधाशोधीत सापडले.

हे गीत मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांचे. ब्रायन जोन्सने त्यात सतार वाजवली. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे ते पहिल्या क्रमांकावर गेले. पण रेकॉर्डवर 'ब्लॅक'च्या आधी एक स्वल्पविराम छापला गेला आणि तेवढ्याने घोळ झाला. ही कुणा काळ्या माणसाला मारलेली हाक आहे, असा अर्थ काहींनी काढला. तो स्वल्पविराम डेका या रेकॉर्ड कंपनीचा, असे रिचर्ड्स यांनी पुढे सांगितले. दुसरा अर्थ व्हिएतनाम युद्धाचा. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९८७ च्या 'फुल मेटल जॅकेट' या युद्धपटाच्या अखेरीस हे गीत वाजते, त्यामुळे तो अधिकच रुजला. गीताच्या शब्दांत मात्र ना बंदूक आहे, ना सैनिक.

मग आहे काय? एक मय्यत आहे. काळ्या गाड्यांची रांग आहे, फुले आहेत आणि मागे उरलेला एक माणूस आहे. त्याला लाल दार सोसवत नाही. कुठलाच रंग सोसवत नाही. सगळे काळे व्हावे हा त्याचा हट्ट. सगळे काळे झाले अशी त्याची तक्रार असती, तर गीत साधे विलापगीत ठरले असते. पण जग रंगीतच राहिले आहे, आणि त्याचे खरे दुखणे तेच आहे.

उन्हाळी कपड्यांतल्या मुली दिसल्या की तो तोंड फिरवतो. पुढे लोकही त्याला पाहून तोंड फिरवतात, आणि नेमकी तेथेच नवजात बाळाची उपमा येते. मातमात बाळ कशाला, असा प्रश्न पडतो. आमच्या मते गीतातली सर्वांत कठोर जागा हीच आहे. एकाचे सर्वस्व गेले, तरी जगाला ते जन्माइतकेच रोजचे असते. सुरुवातीला आतला अंधार कधीतरी जाईल अशी मुदत हा माणूस स्वतःला देतो. शेवटी आभाळातला सूर्यच पुसला जावा असे म्हणतो. दुःखाचा हा उतार जॅगर यांनी अगदी साध्या शब्दांत दाखवला आहे. रंगाची तीच मागणी वारंवार येते, हा त्याचा कच्चेपणा म्हणता येईल. पण शोक करणारा माणूसही तेच तेच बोलतो.

व्हिएतनामहून परतलेल्या एखाद्या सैनिकाने हे गीत आपले मानले, तर त्याचे काही चुकले नाही. शेरही ज्याच्या दर्दाला लागू पडतो त्याचाच होतो. मात्र ऐकणाऱ्याचा दर्द आणि लिहिणाऱ्याचे शब्द यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. संकेत शोधण्याच्या नादात समोरच्या मय्यतीकडे पाहायचे राहून गेले, तर गीतातल्या त्या लोकांसारखे आम्हीही तोंडच फिरवले म्हणायचे.