'पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड' : रोग दाखवला, कारणे मिसळली

१९ ऑगस्ट २००८ रोजी बीबीसीने तासाभराचा एक माहितीपट दाखवला आणि ब्रिटनमधल्या श्वानप्रेमींच्या जगात खळबळ उडाली. जेमिमा हॅरिसन यांनी दिग्दर्शित केलेला 'पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड' तो हाच. शुद्ध वंशावळीची कुत्री आपल्या देखणेपणाची किंमत कशी मोजतात, हा त्याचा विषय. आनुवंशिकतेच्या धड्याबरोबर दाखवायला चांगला, अशी शिफारस आम्हीच काही शिक्षक मित्रांना केली होती. अलीकडे एका शिबिरात अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर बसून तो पुन्हा पाहिला आणि शिफारस थोडी दुरुस्त करावी असे वाटले.

माहितीपटाचे खरे बळ कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनिएल या जातीवरच्या भागात आहे. मांडीवर मावणारा, लांब कानांचा, टपोऱ्या डोळ्यांचा हा कुत्रा स्वभावाने अतिशय गरीब. पडद्यावर तो चालता चालता थांबतो आणि मागच्या पायाने मानेजवळ खाजवू लागतो. पण पाय अंगाला लागतच नाही, नुसता हवेत फिरतो. मुले आधी हसली. मग पशुवैद्य क्लेअर रस्ब्रिज कारण सांगतात. या कुत्र्यांची कवटी मागच्या बाजूला मेंदूला अपुरी पडते, लहान मेंदू मणक्याच्या वाटेकडे दाबला जातो, मेंदूभोवतीच्या द्रवाचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत द्रवाने भरलेल्या पोकळ्या तयार होतात. या विकाराचे नाव सिरिंगोमायेलिया. कुत्रा खाजवत नसतो, वेदनेने तळमळत असतो. खोलीतले हसू तिथेच थांबले. हा विकार असलेला एक कुत्रा प्रदर्शनात पहिला आला आणि पुढेही पैदाशीसाठी वापरला गेला, असा माहितीपटाचा आरोप आहे.

परिणामही मोठा झाला. २००९ पासून बीबीसीने 'क्रफ्ट्स' या प्रख्यात श्वानप्रदर्शनाचे प्रक्षेपण थांबवले. त्याच वर्षी केनेल क्लबने आई-मुलगा, बाप-मुलगी आणि भाऊ-बहीण यांच्या संकरातून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद केली. २०१० मध्ये प्राणिवर्तनाचे अभ्यासक पॅट्रिक बेटसन यांचा चौकशी अहवाल आला. एका माहितीपटातून एवढे घडणे विरळाच.

मग आमची तक्रार काय? माहितीपट संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, म्हणजे नात्यातली जोडी लावली नाही की झाले ना?" प्रश्न चुकीचा नव्हता. माहितीपट पाहून कोणाचाही तसाच समज होईल. अंतःप्रजनन हाच एकमेव खलनायक म्हणून त्यात वारंवार पुढे येतो. इंग्लंडात पग जातीची सुमारे दहा हजार कुत्री असली तरी त्यांच्यातील आनुवंशिक विविधता जेमतेम पन्नास प्राण्यांइतकीच आहे, हा इम्पीरिअल कॉलेजच्या संशोधकांचा हिशेब त्यात येतो. तो महत्त्वाचा आहेच. पण पगची धाप त्या आकड्यातून येत नाही. ती त्याच्या चपट्या नाकातून येते आणि ते नाक माणसाने मुद्दाम निवडलेले आहे. पृथ्वीच्या दोन टोकांवरचे, एकमेकांशी काडीचेही नाते नसलेले दोन चपट्या नाकाचे पग आणले, तरी पिल्लाचे नाक चपटेच राहणार. २००३ मधल्या हच कंपनीच्या जाहिरातीनंतर आपल्याकडेही पगची हौस वाढली. शिबिरातला एक मुलगा कौतुकाने म्हणाला, "आमचा पग माणसासारखा घोरतो." ते घोरणे म्हणजे श्वासाची धडपड आहे, हे त्याला सांगताना आम्हालाच वाईट वाटले.

वर्गात दाखवायला योग्य, खरोखर अप्रभावी जनुकाचा विकार कॅव्हेलिअरमध्येच आहे, पण त्याचे जनुक माहितीपटानंतर सापडले. व्यायाम किंवा उत्तेजनेनंतर कुत्र्याचे पाय ताठ होऊन तो कोसळतो. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा निरोगी असतो. रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचणीने असा वाहक ओळखता येतो. त्याची जोडी निर्दोष कुत्रीशी लावली तर एकही पिल्लू आजारी होत नाही. चौकटी आखून हे मुलांकडून सोडवून घ्यावे. मग एक अवघड प्रश्न विचारावा : सगळे वाहक पैदाशीतून बाद करावेत का? नाही, कारण मग आधीच लहान असलेला जनुकसंचय आणखी आटतो.

हृदयविकाराचे गणित वेगळेच. या जातीत हृदयाची झडप हळूहळू निकामी होते, आणि ते कळेपर्यंत कुत्रा अनेक पिल्लांचा बाप झालेला असतो. निवडीची चाळणी लागायच्या आधीच दोष पुढच्या पिढीत पोचतो. म्हणून जाणकार पैदासकार अडीच वर्षांपूर्वी जोडी लावत नाहीत आणि त्या कुत्र्याच्या आई-वडिलांचे हृदय पाचव्या वर्षी निर्दोष होते का, ते पाहतात. डेन्मार्कमध्ये हृदयतपासणी सक्तीची केल्यावर आठ-दहा वर्षांत या विकाराचे प्रमाण लक्षणीय घटले. थांबण्याची तयारी, एवढेच त्यामागचे तंत्र! माहितीपटातल्या भरभर बदलणाऱ्या दृश्यांत अशा संथ गोष्टीला जागा मिळत नाही. त्याऐवजी नात्झींच्या वंशशुद्धीशी तुलना मिळते. त्या आरोपाला उत्तर देण्याची नीट संधी केनेल क्लबला दिली नाही, हे ऑफकॉम या नियामक संस्थेने २००९ मध्ये मान्य केले. ही तुलना गाळली असती तर माहितीपट अधिक धारदार झाला असता, असे आमचे मत.

स्वभावाबद्दल तर तो जवळजवळ गप्पच आहे. खरे तर घरात पाळायच्या लहान कुत्र्यात सौम्यपणा हाच पहिला गुण हवा, आणि तोही निवडता येतो. नोव्होसिबिर्स्क येथे १९५९ पासून दिमित्री बेल्याएव यांनी कोल्ह्यांमध्ये फक्त माणसाशी सलगीची निवड केली. थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवत जवळ येणारे कोल्हे जन्मले. (त्यांचे ठिपकेदार रंग निवडीमुळेच आले, हे मात्र आता शंकास्पद ठरले आहे, तसे कोल्हे मूळच्या कॅनडातील फार्मांवरही होते.) या प्रयोगात जवळच्या नात्यातला संकर कटाक्षाने टाळला होता, हे विशेष. आणि उत्तम वंशाचे पिल्लूही तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिंजऱ्यात एकटे वाढले, तर ते भित्रे आणि चावरे होऊ शकते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने सध्याच्या पद्धतीने होणारी कॅव्हेलिअरची पैदास प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली, पण इतर जातींशी शास्त्रीय पद्धतीने संकर करण्याची वाट खुली ठेवली. 'शुद्ध' हा शब्द सोडायची तयारी असेल, तर त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर या वाटेवर सापडेल. माहितीपट जरूर दाखवावा, पण त्यानंतरचा एक तास फळ्यासाठी राखून ठेवावा.