पणतीचा उजेड कुठे पडला?

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर हातात पणती घेतलेली बाई आपण इतकी वर्षे पाहत आलो आहोत, की त्या पणतीचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला आहे की नाही हे पाहायचे आपल्याला सुचतच नाही. मलाही सुचले नसते. मी पडलो कादंबऱ्या लिहिणारा माणूस; माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची आणि चाकरी आटगावच्या शाळेत पोरांना पाढे शिकवण्याची. चित्रावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय! पण गेल्या वर्षी एका चित्राने मला असे काही कामाला लावले, की हातात भिंग घेऊन हिंडणारा हा मास्तर बिघडला तर नाही ना, अशी शंका घरच्या मंडळींनाही येऊ लागली.

झाले असे. नवरात्राच्या सुमारास नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर एका साडीच्या दुकानाचा भला मोठा फलक लागला. त्यावर पैठणी नेसलेली, हातात तेवती पणती धरलेली एक तरुण मुलगी. मागे माहुलीचा डोंगर आणि डोंगराआड कलणारा सूर्य. मुलगी आमचीच. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकलेली. आता ठाण्याला नोकरी करते आणि कधीमधी कपड्यांच्या जाहिरातींसाठी उभी राहते. गावाला अभिमान वाटायला हवा होता, आणि पहिले दोन दिवस तो वाटलाही. मग लोक चित्राकडे निरखून पाहू लागले. तिच्या केसांभोवती, मानेभोवती एक बारीक पांढरी प्रभा दिसत होती, आणि मनगट तर आतून दिवा लावल्यासारखे उजळलेले. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, नवरात्राचे दिवस आहेत, देवीची छाया पडली. पारावरच्या टवाळांचे मत निराळे होते. ते म्हणाले, मान हिची आणि अंग दुसऱ्याच कुणा बाईचे!

हे दुसरे बोलणे तिच्या बापाच्या कानावर गेले. एका संध्याकाळी ते माझ्या ओसरीवर येऊन बसले. बराच वेळ बोललेच नाहीत. मग खिशातून त्याच चित्राचे दुकानाने वाटलेले कॅलेंडर काढून म्हणाले, "गुरुजी, लोकं म्हणतात ते खोटं असंल असं मी पण धरून चाललो होतो. पण हा हात बघा. हा हात आमच्या पोरीचा नाय."

मी पाहिले आणि चरकलो. चौथीत असताना दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतच तिच्या उजव्या मनगटाला फुलबाजीची तापलेली तार लागली होती. त्या हातावर पाणी ओतून फडके मीच गुंडाळले होते. तो लांबट व्रण पुढे कायमचा राहिला. चित्रातल्या मनगटावर त्याचा मागमूस नव्हता. बाप ज्या खुणेने लेकीचा हात ओळखतो, तीच खूण नाही! मग टवाळांना खोटे पाडावे तरी कसे?

त्या रात्री मी कॅलेंडरावर भिंग धरले. त्यातून दिसले ते छपाईचे रंगीत ठिपके. छापील चित्रावर भिंगाची हुशारी एवढ्यावरच संपते. तेव्हा मोबाइलवर आलेली मूळ जाहिरात मागवली आणि ती बोटांनी ताणून ताणून पाहू लागलो. पण पाहायचे काय, हे ठाऊक असल्याखेरीज नुसते डोळे ताणून उपयोग नसतो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चारपाच पोरांना थांबवून वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या आणि टेबलावर एक काळी गोटी, एक स्टीलचा तांब्या आणि एक पणती मांडली. पणती डावीकडे नेली की गोटीवरचा चमकता ठिपका डावीकडे सरकतो, वर नेली की वर. दोन पणत्या ठेवल्या तर ठिपके दोन. पोरांना हा खेळ फार आवडला, आणि मलाही कबूल केले पाहिजे, की चाळीस वर्षे डोळे असूनही ही गोष्ट मी कधी नीट पाहिली नव्हती. माणसाचे बुबुळ म्हणजे तरी काय? एक बाहेरून फुगीर आरसाच. समोर जो दिवा असेल, त्याचे इवलेसे प्रतिबिंब त्यात उमटणारच.

माझ्या गोटीचा शोध काही नवा नव्हता, हे नंतर कळले. माइका किमो जॉन्सन आणि हानी फरीद या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी २००७ सालीच याचे गणित मांडले आहे. डोळ्यातल्या चमकेवरून दिव्याची दिशा काढायची. एकाच छायाचित्रातल्या दोन माणसांच्या डोळ्यांतून दोन निराळ्या दिशा निघाल्या, तर ती माणसे एका दिव्याखाली उभी नव्हती असे समजायचे. आम्हाला गणित जमणारे नव्हते. पण दिशा पाहणे जमणारे होते.

आता चित्र पाहा. मुलीच्या दोन्ही डोळ्यांत डाव्या अंगाला, वरच्या बाजूला, उभट चौकोनी चमक आहे. म्हणजे स्टुडिओतला मोठा पेटीसारखा दिवा. गळ्यातल्या मोहनमाळेच्या प्रत्येक मण्यावर चमक डावीकडेच. नाकाची सावली उजव्या गालावर, बांगड्यांची सावली हाताच्या उजव्या अंगाला. चेहरा, गळा, हात या सगळ्यांवर एकच दिवा, एकाच जागेवरून. मान एकीची आणि अंग दुसरीचे असते, तर दिव्याशी इतका इमान राखणे कठीण. म्हणजे मुलगी सगळीच्या सगळी आमचीच. मात्र तिच्याखेरीज त्या चित्रात खरे फार थोडे. मागचा सूर्य उजवीकडे मावळतो आहे, तर तिच्या उजव्या खांद्याच्या कडेला तांबूस उजेड हवा, तो नाही. पणती छातीशी तेवते आहे, पण हनुवटीखाली अंधार आणि डोळ्यांत ज्योतीचे नावही नाही. आणि देवीची म्हणून सांगितलेली ती प्रभा? तसलीच पांढरी रेघ माहुलीच्या कड्यालाही आहे आणि पैठणीच्या काठालाही. चित्र कोरीव दिसावे म्हणून यंत्राने कडा धारदार केल्या, की गडद आणि उजळ भाग मिळतात तेथे अशी रेघ उमटते. देवी बिचारी यात कुठेच नाही.

राहिले मनगट. तेथे बांगडीची सावली येता येता मध्येच तुटते, बोटभर जागा सोडून पुन्हा सुरू होते. त्या बोटभर जागेत कातडीचे रंध्र नाही, लव नाही. आहे तो नुसता गुळगुळीत उजेड, आणि तो कुठल्याच दिव्याचा नाही. व्रण तेथेच होता. तो पुसला आणि पुसलेल्या जागी उजेड भरला.

वाचक म्हणतील, मास्तर, जाहिरातवाल्यांनी चार डाग पुसले म्हणून एवढा कांगावा कशाला? पूर्वीचे फोटोवाले काय करीत होते? खरे आहे. टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरच मुरमे बुजवणारे कारागीर प्रत्येक स्टुडिओत असत. त्याच्याही मागे जा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. त्याच काळात येथे छायाचित्रे काढणाऱ्या विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या नाना जातीजमातींच्या माणसांचा दोन भागांचा एक ग्रंथ १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केला. (या लेखातले हे दुसरे जॉन्सन, पहिल्याशी यांचे नाते असल्यास ते फक्त उजेडापुरते.) त्यातली माणसे एका ठिकाणी काढलेली आणि मागचे देखावे दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून जोडलेले. पडद्यावर ती चित्रे पाहताना माझी गोटी मला पुन्हा आठवली. माणसांवर छपराखालचा मऊ उजेड आणि मागे उघड्यावरचे लख्ख ऊन! त्या वेळच्या काचांना निळा प्रकाश अतोनात लागे, आकाश पांढरेफटक येई, उघडझाप व्हायला सेकंदच्या सेकंद लागत. तेव्हा दोन काचांचे एक चित्र करणे ही निम्मी अडचण होती आणि निम्मी हौस. विलायतेत रेइलँडरने १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक चित्र केले होते. तेव्हा जोडकामाला माझी हरकत नाही.

आणि रंगवलेल्या उजेडाला तर मुळीच नाही. दीनानाथ दलालांचा 'दीपावली' अंक १९४५ साली निघाला. आमच्या वडीलमंडळींच्या घरोघर दलालांची आणि रघुवीर मुळगावकरांची चित्रे जपून ठेवलेली असत. मुळगावकर फवाऱ्याने रंग देत. त्यांच्या देवतांच्या मुखावरचे तेज कुठल्याही सूर्याचे नव्हे, हे शेंबड्या पोरालाही कळे. पण त्या तेजाला एक शिस्त आहे. ते मुखातून निघते, मुकुटावर येते, खांद्यावर उतरते, वस्त्राच्या चुणीपर्यंत जाऊन मंदावते. त्याचा उगम कुठे आहे हे चित्रकाराला ठाऊक आहे. फलकावरच्या चित्रात उजेड भरपूर आहे, पण तो आला कोठून हे कुणालाच ठाऊक नाही, कारण तो कुणी पाहिलेलाच नाही. चित्र म्हणून ते फसले आहे ते येथे. खोटेपणाचा प्रश्न त्यानंतरचा.

यंत्र उजेड कसा भरते याचे एक सुरस उदाहरण २०२३ सालचे आहे. एका हौशी माणसाने चंद्राचे चित्र मुद्दाम अगदी धूसर केले, ते संगणकाच्या पडद्यावर लावले, खोली अंधारी केली आणि लांबून सॅमसंगच्या मोबाइलने त्याचा फोटो काढला. फोटोत विवरे, डाग, सगळे स्पष्ट आले, समोर नसलेलेच! यंत्राने ओळखले की हा चंद्र, आणि चंद्र कसा असतो हे त्याला आधीपासून पाठ होते. त्याच्या तीन वर्षे आधी, २०२० साली, अस्पष्ट चेहरे स्पष्ट करणाऱ्या एका अमेरिकन प्रणालीला बराक ओबामांचा धूसर चेहरा दिला, तर तिने एक गोरा गृहस्थ काढून दिला. चंद्राचे एक वेळ चालेल. चंद्र सर्वांचा एकच आहे. माणसाचे तसे नाही. यंत्राने पाहिलेल्या हजारो मनगटांवर व्रण नसतो, म्हणून आमच्या पोरीच्याही मनगटावर नको, हा त्याचा हिशेब. तिच्या बापाचा हिशेब नेमका उलटा.

हौशी तपास करणाराने आपल्या पायांखालीही पाहावे. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटो १९२० साली खरे मानून छापले. त्या पऱ्या कागदाच्या होत्या, हे त्या मुलींनी पार म्हाताऱ्या झाल्यावर १९८३ साली कबूल केले. म्हणून मी बापाला एवढेच सांगितले, की मला असे वाटते. खरे काय ते पोरीला विचारा.

ती लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी कसाऱ्याच्या लोकलने घरी आली आणि बापाबरोबर माझ्याकडे. मी गोटी, सावली, माहुली सारे सांगत होतो आणि ती हसत होती. "गुरुजी, डोंगर कसला! मागे हिरवं कापड होतं. आणि पणती कोरडीच होती, तिथं आग लावू देत नाहीत." मनगटाचे विचारले तेव्हा हसणे थांबले. ते तिलाही फलक लागल्यावरच कळले होते. कुणी विचारले नाही, सांगितले नाही. फोटो काढणाऱ्याकडे तिने मूळ छायाचित्र मागितले होते, आणि त्या भल्या माणसाने ते पाठवलेही होते.

तिने मोबाइल बापाच्या हातात दिला. हिरवे कापड, विझलेली पणती, डावीकडून आलेला उजेड. त्यांनी आमच्यासारखेच दोन बोटांनी ते चित्र ताणले, चेहऱ्याकडे न जाता थेट मनगटावर नेले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "हा," ते म्हणाले, "हा आमचा."

ते चित्र तिच्या आईने शहापूरहून चौकट करून आणले. दारासमोरच्या भिंतीवर टांगले आहे. काचेवर दाराचा उजेड येतो, त्यामुळे मनगट पाहायचे तर जरा बाजूला सरकून उभे राहावे लागते.