मोल्सवर्थच्या कोशाच्या दोन आवृत्ति आणि ग्रंथकाराचें स्वशोधन

जुनीं कागदपत्रें वाचणाऱ्याच्या हाताशीं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश नाहीं असें क्वचितच घडतें. परंतु टिपेंत 'मोल्सवर्थ पहा' एवढेंच लिहून पुढें जाण्याचा जो परिपाठ पडला आहे, तो सदोष आहे. कोश एक नसून दोन आहेत. पहिला १८३१ सालीं मुंबईस छापून निघाला, दुसरा १८५७ सालीं. मधल्या काळांत ग्रंथकार प्रकृतीच्या कारणानें विलायतेस गेला होता. तो परत आला व आपणच केलेलें काम पुन्हां तपासावयास बसला. पहिल्या खेपेस सुमारें ४०,००० शब्द होते, ते दुसऱ्या खेपेस सुमारें ६०,००० झाले.

स्तुति होते ती बहुधा या वाढीचीच. आमच्या मतें ती गौण होय. वाढ ही संग्राहकाची करामत. शोधन पाहावयाचें तर १८५७ च्या कोशांतील खुणांकडे पाहावें. शब्द संस्कृत कीं फारसी, अरबी कीं हिंदुस्थानी, केवळ काव्यांत येणारा कीं बोलण्यांतला, हें तेथें ठिकठिकाणीं दाखविलें आहे. आणि कित्येकांपुढें 'विरळ' अशीहि खूण आहे. ज्यानें वर्षानुवर्षें शब्द वेंचले, त्यानेंच त्यांतील एकाद्यास विरळ ठरवावें, यास मन कठोर करावें लागतें. आपला संग्रह आपणच कमी भरंवशाचा म्हणून दाखविणारे संग्राहक आपल्यांत तरी किती आहेत?

पोथ्यांच्या व्यवहाराशीं परिचय असणारांस येथें एक भेद सहज ध्यानांत येईल. पोथींत चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावीत, गळलेलें अक्षर काकपद देऊन समासांत लिहीत. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार त्यांतूनच रूढ झाला. पण तें शोधन बहुशः लेखकाचें, म्हणजे नकलकाराचें, किंवा मागाहून वाचणाऱ्याचें. पुष्पिकेंत नकलकार 'जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष माझा नव्हे' अशा अर्थाचें सांगून मोकळा होतो, व तें त्यास शोभतेंहि. ग्रंथकारास ही पळवाट नाहीं. त्याच्यापुढें मूळ प्रत नसते, मूळ तोच. म्हणून हरताळ दिसला कीं 'ग्रंथकाराचा स्वतःचा फेरफार' असें म्हणण्याची जी घाई होते, ती हात, शाई व कागद ताडून पाहिल्यावांचून करूं नये.

दोन आवृत्ति वेगळ्या न मानल्यानें अनुमानेंहि बिघडतात. एकादा शब्द १८३१ च्या कोशांत आहे, तर तो तेव्हां प्रचारांत किंवा निदान पंडितांच्या परिचयांत होता असें म्हणतां येईल. परंतु तो केवळ १८५७ च्या कोशांत आढळला, एवढ्यावरून तो मधल्या सव्वीस वर्षांत निपजला असें म्हणतां येत नाहीं. प्रथम हातीं लागला नसेल इतकेंच. १८६३ सालीं बाबा पदमनजींनीं केलेला संक्षेप तर दुसऱ्याच्या हातचा. त्यांत एकादा शब्द नाहीं म्हणून तो मूळ ग्रंथकारानें सोडला असें ठरत नाहीं. आणि १९७५ सालीं पुण्यास झालें तें पुनर्मुद्रण दुसऱ्या आवृत्तीचें असल्यामुळें पहिली आवृत्ति अभ्यासकांच्या दृष्टीआड झाली आहे.

संग्राहकांचीहि एक खोड येथें नमूद करणें भाग आहे. शुद्ध प्रत जपावयाची व खर्डा रद्दींत घालावयाचा! वस्तुतः ग्रंथकाराचें मत कोठें बदललें, तें खर्ड्यावरच उमटलेलें असतें. शुद्ध प्रतींत त्याचा मागमूस राहत नाहीं. छापील ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीची योग्यता याच जातीची आहे.

तरी ज्यांच्या संग्रहीं १८३१ ची प्रत असेल, त्यांनीं एकाच अक्षराचे, समजा 'ख' चे, शब्द दोन्ही आवृत्तींतून ताडून पाहावे. कोणते नवे आले, कोणते गळले, कोणाचा अर्थ फिरला व कोणापुढें कोणती खूण आहे, अशी चार रकान्यांची यादी झाली तर ती अवश्य प्रसिद्ध व्हावी.